पोदेराचा भोंपू, काजूचा काटा आणि अडकलेला पडदा

"दादा, तुमचा प्रोग्राम साडेअकराला आजारी पडतो आणि आम्ही जेवून येईपर्यंत आपोआप बरा होतो." गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका काजू खरेदी केंद्रावरून, एप्रिलमधल्या एका दुपारी, काउंटरवरच्या ताईंचा फोन आला तो असा. मी हसलो. हसायला नको होतं. त्या एका वाक्यात अख्खा दोष सांगून झाला होता, आणि तो मला कळायला पुढे आठ दिवस लागले.

केंद्र लहानच. मार्च ते मे हा हंगाम. आसपासच्या वाड्यांवरून लोक काजूच्या बिया गोणींतून, बादल्यांतून, कधी नुसत्या पिशवीतून आणतात. काट्यावर वजन होतं, पावती फाटते, पैसे नंतर. पावतीचा प्रोग्राम माझा. सी प्लस प्लसमध्ये, मध्ये कुठलंही फ्रेमवर्क न घेता, थेट विंडोजच्या फंक्शनांवर लिहिलेला. दोन काट्यांवर तो तीन हंगाम बिनतक्रार चालला. यंदा गर्दी वाढली म्हणून संस्थेने आणखी दोन काटे घेतले. मी सेटिंगमध्ये दोनाचे चार केले, चहा प्यायलो आणि घरी आलो.

आतली रचना अशी. प्रत्येक इलेक्ट्रॉनिक काटा सिरियल केबलवरून ९६०० बिट प्रतिसेकंद वेगाने सेकंदाला दहा वेळा वजनाची एक ओळ पाठवतो. कुणी मागितलं नाही तरी पाठवतच राहतो. थ्रेड म्हणजे प्रोग्रामच्या आत समांतर चालणारा एकेक कामगार. पोर्टवरून वाचताना थांबावं लागतं आणि पडद्याच्या थ्रेडने थांबून चालत नाही, म्हणून प्रत्येक काट्याला एकेक वेगळा थ्रेड दिला होता. विंडोजमध्ये खिडकी ज्या थ्रेडने बनवली त्याचीच असते. तिचे मेसेज ('क्लिक झाला', 'पुन्हा रंगव' अशा सूचना) तोच उपसतो, दुसऱ्याने तिच्यात परस्पर हात घालू नये. म्हणून काट्याचा थ्रेड वजन वाचायचा, मेमरीत एक छोटं पाकीट बनवायचा, त्याचा पत्ता मेसेजला चिकटवायचा आणि पोस्टमेसेज या फंक्शनने मुख्य खिडकीच्या क्यूमध्ये, म्हणजे मेसेजच्या रांगेत, टाकून मोकळा व्हायचा. पडद्याचा थ्रेड पाकीट उघडणार, वजन घेणार, बदललं असेल तर खालच्या नोंदीच्या चौकटीत एक ओळ वाढवणार, पाकीट फेकणार आणि वरचे मोठे आकडे पुन्हा रंगवायला सांगणार. कागदावर यात काही चूक नाही.

तक्रारी मात्र विचित्र होत्या. सकाळी सगळं ठीक. अकरा-साडेअकरापासून पडद्यावरचा आकडा काट्यामागे रेंगाळायला लागतो. मग तो हलतच नाही. काट्याच्या लाल आकड्यांत ३८.७५ आणि पडद्यावर ४१.३०, म्हणजे आधीच्या माणसाची गोणी. बटणं दाबली जात नाहीत. मात्र विंडोज 'प्रतिसाद देत नाही' असं काही म्हणत नाही आणि खिडकी पांढरीही पडत नाही. बटणं मेलेली असली तरी विंडोजच्या लेखी प्रोग्राम ठणठणीत.

एका वयस्क शेतकऱ्याने हे दोन आकडे पाहिले आणि मोठ्याने विचारलं, "बाब, यांतला खरा कुठला?" काउंटरवर एकदम शांतता. काट्यावर काम करणाऱ्याला याहून वाईट प्रश्न नाही.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. सव्वाबाराला पडदा अडकला. ताईंनी 'पावती'चं बटण दाबलं, काही होईना म्हणून पुन्हा दाबलं, असं पाच वेळा. शेवटी सगळे जेवायला गेले. पुढच्या माणसाची गोणी तिसऱ्या काट्यावर तशीच राहिली. पाच-सात मिनिटांनी रिकाम्या काउंटरवर प्रिंटर आपोआप सुरू झाला आणि त्याने लागोपाठ पाच पावत्या काढल्या. नाव आधीच्या बाईंचं, वजन पुढच्या माणसाच्या गोणीचं. एका गोणीच्या पाच पावत्या, मिळून दोनशे किलोंच्या वर. पावत्यांचे नंबर क्रमाने जातात, त्यामुळे पाचही पावत्या रजिस्टरमध्ये लावून प्रत्येकीवर 'रद्द' लिहून सह्या घ्याव्या लागल्या. मॅनेजर मला एक अक्षर वाईट बोलले नाहीत. त्यांनी फक्त रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो पाठवला.

मी आधी नेहमीच्या संशयितांकडे बोट दाखवलं. स्वस्तातले यूएसबी कन्व्हर्टर, उन्हाळ्यातली ये-जा करणारी वीज, जुना संगणक. कन्व्हर्टर बदलले, यूपीएस बदलला. आजार तसाच. घरी आणून पाहावं म्हणून केंद्रावरच्या चारही काट्यांचा प्रवाह फाइलमध्ये भरून घेतला आणि घरच्या संगणकावर खोट्या पोर्टातून तोच प्रवाह प्रोग्रामला पाजला. दिवसभर चालवला, काही झालं नाही. रात्री लक्षात आलं की मी तो प्रवाह संध्याकाळी काटे मोकळे असताना भरला होता. नुसती शून्यं. आणि वजन बदललं नाही तर माझा हँडलर (आलेला मेसेज हाताळणारा भाग) नोंदीची ओळ लिहीतच नाही.

इथे ताईंचं वाक्य आठवलं. जेवणाच्या वेळी काय वेगळं असतं? बहुतेक काटे मोकळे असतात. ओळी तेवढ्याच येतात, सेकंदाला चाळीस, पण त्या शून्याच्या असतात आणि त्यांना काम जवळजवळ नसतं. काट्यावर गोणी असली की मात्र शेवटचा आकडा पंख्याच्या वाऱ्यानेही दहा-वीस ग्रॅम मागेपुढे थरथरतो. मग जवळपास प्रत्येक वाचन म्हणजे 'बदल', आणि प्रत्येक बदलाला नोंदीची एक ओळ.

आणि ती ओळ मी कशी लिहीत होतो? लाज वाटते, पण सांगायला हवं. चौकटीतला अख्खा मजकूर काढायचा, त्याला शेवटी एक ओळ जोडायची, अख्खा मजकूर पुन्हा चौकटीत घालायचा. सकाळी नऊला मजकूर छोटा असतो, हे काम २ मिलिसेकंदांत होतं. साडेअकरापर्यंत मजकूर इतका वाढतो की तेच काम ३० मिलिसेकंद खातं. हे आकडे मोजलेले आहेत. सोबत एक मोजणीही लावली होती: पोस्ट करताना आकडा एकाने वाढवायचा, हाताळून झाल्यावर एकाने कमी करायचा. क्यूमध्ये किती मेसेज तुंबलेत ते विंडोज असं सरळ सांगत नाही, म्हणून हा आपला जुगाड.

पुढचा हिशेब पाटीवर मांडण्यासारखा आहे. सेकंदाला ४० मेसेज येतात. प्रत्येकाला ३० मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदात १.२ सेकंदांचं काम. उपसले जातात ३३, उरतात ७. पुढच्या सेकंदाला आणखी ७. दोन काटे होते तेव्हा सेकंदाला २० मेसेज, ०.६ सेकंदांचं काम. मजकूर तितकाच फुगला तरी निभावत होतं. तीन हंगाम प्रोग्राम चांगला चालला याचा अर्थ एवढाच की तेव्हा आलेलं पाणी उपसून होत होतं.

पण थोडा उशीर होणं वेगळं आणि पडदा गोठणं वेगळं. गोठण्याचं कारण क्यूच्या शिस्तीत आहे. गेटमेसेज हे फंक्शन पुढचा मेसेज उचलताना आलेत त्याच क्रमाने सगळे उचलत नाही. दुसऱ्या थ्रेडने सेंडमेसेजने (यात पाठवणारा उत्तरासाठी थांबतो) पाठवलेले आधी, मग पोस्ट केलेले, मग माउस-कीबोर्ड, त्यांच्याहीनंतर रंगवण्याचा मेसेज, आणि टायमरचा सगळ्यांत शेवटी. रंगवण्याचा मेसेज तर क्यूत पडून राहतही नाही. करायला दुसरं काही उरलं नाही की तेव्हा तो तयार केला जातो. माझ्या क्यूमध्ये पोस्ट केलेली पाकिटं कधी संपतच नव्हती. म्हणून ताईंच्या क्लिकची पाळी येत नव्हती आणि रंगवण्याची तर नाहीच. वजन आत बदलत होतं, पडद्यावर उतरायला फुरसत नव्हती.

विंडोज गप्प का होतं तेही यातच आलं. एखादा थ्रेड पाच सेकंद मेसेज उपसायला फिरकलाच नाही तर विंडोज त्या प्रोग्रामला अडकलेला समजतं. माझा थ्रेड तर सेकंदाला तेहतीस मेसेज उपसत होता. घाम गाळणाऱ्याला आळशी कोण म्हणणार? एका अर्थी विंडोजने त्याला अडकलेला ठरवलं असतं तर बरं झालं असतं. पाच क्लिक क्यूत जपून राहिले ते तो जिवंत दिसत होता म्हणूनच. जेवणाच्या वेळी ढीग उपसला गेला, क्लिकची पाळी आली, आणि प्रोग्रामने इमानेइतबारे पाच पावत्या काढल्या, त्या क्षणी काट्यावर जे होतं त्याच्या.

आणखी एक गोष्ट उघडी पडली. पोस्ट केलेल्या मेसेजना प्रत्येक क्यूमागे १०,००० ची मर्यादा असते. सेकंदाला ७ च्या तुंबीने तिथे पोचायला साधारण २४ मिनिटं. मग पोस्टमेसेज नकार देतो, एरर १८१६, कोटा संपला. नकार येतो की नाही हे मी कधी तपासलंच नव्हतं. पाकीट बनवलेलं असतं, घेणारा कुणी नसतो, फेकणाराही नाही. मेमरी गळत होती ती इथे. गळती लहान होती, पण आपण टाकलेली टपाल पोचली की नाही हे न बघणारा पोस्टमन मी होतो.

घाईचा उपाय

शुक्रवारी हे समजलं, शनिवारी गर्दीचा दिवस. घाईत मी जे केलं ते अनेक जण करतात म्हणून तपशिलात सांगतो. पोस्टमेसेजच्या जागी सेंडमेसेज घातलं. तर्क असा की पाठवणारा उत्तर येईपर्यंत थांबेल, मग ढीग होणारच नाही. एका वेळी जास्तीत जास्त चार मेसेज, चार थ्रेडचे.

ढीग झाला नाही हे खरं. तो पडद्याच्या क्यूतून सिरियल पोर्टाच्या बफरमध्ये, म्हणजे आलेल्या ओळी वाचेपर्यंत साठवायच्या जागेत, सरकला. काट्याचे थ्रेड पडद्याची वाट बघत उभे, काटा मात्र बोलायचा थांबत नाही. बफर भरला, ओळी मधूनच कापल्या जायला लागल्या. ४१.३० मधला पुढचा ४ गळाला की १.३० राहतो, आणि १.३० हेही तसं वैध वजनच. नशीब, ओळीची लांबी मी तपासत होतो, त्यामुळे असल्या ओळी फेकल्या गेल्या.

संध्याकाळी दुसरा फटका. ताईंनी प्रोग्राम बंद केला आणि तो खरोखर अडकला, या वेळी पांढरी खिडकी वगैरे सगळं यथासांग. बंद करताना मुख्य थ्रेड चारही थ्रेडना 'थांबा' सांगून ते संपेपर्यंत वाट बघत उभा राहायचा. त्यातला एक त्याच क्षणी सेंडमेसेजमध्ये होता, म्हणजे तो मुख्य थ्रेडची वाट बघतोय. हा म्हणतो तू आधी संप, तो म्हणतो तू आधी ऐक. अरुंद पुलावर समोरासमोर आलेल्या दोन बसेस, आणि दोघांनी इंजिन बंद केलेलं. हे पोस्टमेसेजने कधी झालं नव्हतं, कारण तिथे टाकणारा थांबतच नाही. सोमवारी सेंडमेसेज काढलं. तेव्हापासून माझा एक हट्ट आहे: कामाच्या थ्रेडने पडद्याच्या थ्रेडची वाट बघायची नाही.

भोंपू

उपाय सुचला तो रविवारी सकाळी अंथरुणात, बाहेर पोदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, भोंपू वाजत होता तेव्हा. गोव्यात वाढलेल्याला हे सांगायला नको: सायकल येते, पों-पों होतं, आपण पिशवी घेऊन बाहेर जातो आणि टोपलीत जे पाव असतील त्यांतले घेतो. भोंप्यातून पाव येत नाही. आणि मी पिशवी शोधेपर्यंत पोदेराने दहा वेळा भोंपू वाजवला म्हणून मी दहा वेळा दार उघडून बाहेर जात नाही. एकदाच जातो.

मी वाचनागणिक भोंप्यालाच पाव बांधून पाठवत होतो.

सांगावा आणि माल वेगळे केले. प्रत्येक काट्यासाठी सामायिक मेमरीत एक खण. काट्याचा थ्रेड लॉक घेतो (म्हणजे तो सोडेपर्यंत दुसऱ्या थ्रेडला तिथे हात लावता येत नाही), खणात ताजं वजन लिहितो (जुनं असेल त्याच्यावरच), आणि 'भोंपू वाजलेला आहे' हा फ्लॅग, म्हणजे हो-नाहीची खूण, बघतो. वर असेल तर काहीच करत नाही. खाली असेल तर वर करतो, लॉक सोडतो आणि एक रिकामा मेसेज पोस्ट करतो. त्यात पत्ता नाही, पाकीट नाही, काही नाही. पडद्याचा थ्रेड तो मेसेज आला की लॉक घेतो, फ्लॅग खाली करतो, चारही खणांची नक्कल घेतो, लॉक सोडतो, आणि मग निवांत रंगवायला सांगतो. क्यूमध्ये माझा मेसेज कुठल्याही क्षणी जास्तीत जास्त एक. चार काटे असोत की चाळीस.

यात दोन ठिकाणी मी पुन्हा ठेचकाळलो. पहिल्या मसुद्यात फ्लॅग लॉकच्या बाहेर होता आणि मी आधी वजन वाचून मग तो खाली करत होतो. त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये काट्याने नवं वजन लिहिलं तर त्याला फ्लॅग वर दिसतो, तो भोंपू वाजवत नाही. लगेच मी फ्लॅग खाली करतो. नवं वजन खणात, आणि ते आलंय हे कुणालाच ठाऊक नाही. सतत बोलणाऱ्या काट्यावर ही चूक दिसत नाही, शंभर मिलिसेकंदांनी पुढची ओळ येऊन ती झाकते. वजन बदललं तरच बोलणारा काटा जोडला असता तर पडदा कायमचा शिळा राहिला असता. फ्लॅग आणि वजन एकाच लॉकखाली घेतले आणि प्रश्न मिटला. दुसरी ठेच: पोस्टमेसेज फसलाच तर फ्लॅग परत खाली करायला हवा. नाहीतर भोंपू वाजलाय असं सगळे धरून चालतात, वाजलेला मात्र नसतो, आणि सगळं कायमचं गप्प.

सगळंच असं पुसून लिहिता येत नाही, हे मात्र विसरू नये. मधलं ४१.२८ हरवलं तर कुणाचं काही जात नाही, ताजं ४१.३० पुरे. पण काट्यावर 'नोंद' ही कळ असते. ती दाबली तर ती ओळ हरवता कामा नये. केबल निघाली, तीही बातमी हरवता कामा नये. अशांसाठी त्याच लॉकखाली एक साधी रांग ठेवली. भोंपू तोच. पडद्याचा थ्रेड अख्खी रांग एका झटक्यात रिकाम्या रांगेशी बदलून घेतो आणि लॉक सोडल्यावर एकेक हाताळतो. वजन ही स्थिती आहे, कळ दाबणं ही घटना आहे. मी दोघांना एकाच पाकिटात घालत होतो, तिथेच फसलो होतो.

नोंदीची चौकट काढून टाकली. नोंदी आता वेगळा थ्रेड फाइलमध्ये लिहितो, पडद्यावर शेवटच्या दोनशे ओळींची यादी. खरं तर एवढंच केलं असतं तरी तक्रार थांबली असती. पुढच्या हंगामात सहा काटे आले असते तेव्हा पुन्हा सुरू झाली असती की नाही, सांगता येत नाही. मला ते बघायचं नव्हतं.

पाच पावत्यांचं दुखणं वेगळं घेतलं. क्लिकच्या मेसेजवर तो कधी घडला ती वेळ असते, गेटमेसेजटाइमने ती मिळते. पावतीच्या बटणाला आता अट आहे: क्लिक एका सेकंदाहून शिळा असेल तर पावती नाही, नुसतं 'पुन्हा दाबा'. त्या पाच क्लिकचे पाच 'पुन्हा दाबा' झाले असते, रजिस्टरचं पान वाचलं असतं.

एक जाणकार मित्र म्हणाला, एवढा खटाटोप कशाला, दर १०० मिलिसेकंदांनी टायमर लाव आणि चारही खण बघून ये. त्याचं म्हणणं चूक नाही. माणसाच्या डोळ्याला सेकंदाला दहा आकडे पुष्कळ झाले. आज कोऱ्या फाइलवर लिहायला बसलो तर वजनासाठी बहुधा टायमरच लावीन आणि भोंपू फक्त घटनांसाठी ठेवीन. त्या आठवड्यात मात्र मला भोंप्याचा मोह होता, कबूल आहे. थ्रेडच्याच नावे मेसेज टाकावे अशीही एक कल्पना होती; ती सोडली, कारण मेसेजबॉक्स (सूचनेची छोटी खिडकी) उघडा असताना त्याचं स्वतःचं चक्र फिरत असतं आणि खिडकीचा पत्ता नसलेले मेसेज त्यात हरवतात. 'केबल तपासा' असा बॉक्स उघडा असतानाच केबल परत जोडल्याची बातमी हरवली असती.

पडदे बनवायला क्यूटी, स्विंग किंवा डॉटनेट अशी तयार साधनं वापरणाऱ्यांनी हे जुन्या विंडोजचं पुराण म्हणून सोडून देऊ नये. क्यूटीत दुसऱ्या थ्रेडमधून आलेला सिग्नल रांगेत जातो, स्विंगचं इन्व्होकलेटर रांगेत टाकतं, डॉटनेटचं बिगिनइन्व्होकही तेच करतं. मर्यादा आणि प्राधान्यक्रम वेगवेगळे. पण पडद्याला झेपेल त्याहून जास्त वेळा भोंपू वाजवला तर तुंबी तिथेही होते. आणि बिगिनइन्व्होकऐवजी उत्तरासाठी थांबणारं इन्व्होक वापरून बंद करताना वाट बघत बसलात तर तो अरुंद पूल तिथेही आहे.

नवीन आवृत्ती मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बसवली. मोजणी मुद्दाम चालू ठेवली होती. दिवसअखेर तुंबलेल्या मेसेजची सर्वांत मोठी नोंद १, आणि हँडलरचा वेळ सकाळी नऊला आणि दुपारी एकला सारखाच. प्रोग्राम बंद होताना अडकत नाही: काट्याचे थ्रेड पोर्टावर २०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबत नाहीत आणि पडद्याची वाट बघतच नाहीत, त्यामुळे 'थांबा' म्हटलं की निमूटपणे जातात. ताईंचा फोन त्यानंतर एकदाच आला, प्रिंटरच्या रोलसाठी.

हंगामाच्या शेवटी केंद्रावर गेलो होतो. तेच वयस्क शेतकरी शेवटच्या थोड्या बिया घेऊन आले होते. गोणी काट्यावर ठेवली, आकडे थांबले. त्यांनी आधी काट्याच्या लाल आकड्यांकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा काट्याकडे, आणि मगच गोणी उतरवली. ताई म्हणाल्या, "ते आता प्रत्येक वेळी असंच करतात."